‘बघते’ या उत्तराचा अर्थ: कार्यालयीन प्रतिमेचे एक प्रकरण

कामाविषयी कोणाची तक्रार नाही, ज्ञानाविषयी शंका नाही, आणि तरीही जबाबदारीचे पद देण्याची वेळ आली की नाव मागे पडते, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण बहुधा ‘नशीब’ किंवा ‘राजकारण’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकले जाते. अशाच एका प्रकरणाचा सुमारे नऊ महिने पाठपुरावा करण्याची संधी मार्गदर्शक या नात्याने मला मिळाली. त्यात जे हाती लागले ते नशीब आणि राजकारण या दोहोंपेक्षा वेगळे होते, आणि दुरुस्त करता येण्यासारखे होते, म्हणून त्याची ही सविस्तर नोंद. संबंधितांची ओळख पटू नये यासाठी संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव दिलेले नाही.

पार्श्वभूमी

संबंधित विश्लेषक एका मोठ्या संस्थेच्या अहवाल विभागात सात वर्षे काम करत होत्या. निरनिराळ्या विभागांकडून येणारी आकडेवारी एकत्र करणे, तिच्यातील विसंगती शोधणे आणि दर महिन्याच्या वरिष्ठांच्या बैठकीसाठी अहवाल तयार करणे हे त्यांचे मुख्य काम होते. जे तक्ते इतरांना जमत नसत ते फिरून त्यांच्याच टेबलावर येत. नव्याने रुजू झालेल्यांना काम शिकवण्याची जबाबदारी कोणी सोपवलेली नसतानाही ती त्या पार पाडत होत्या.

विभागातील टीम लीडचे पद रिकामे झाले तेव्हा ते आपल्याला मिळेल असे त्यांनी गृहीत धरले होते, आणि तसे गृहीत धरण्यात काही वावगे नव्हते. निवड झाली ती त्यांच्याहून तीन वर्षांनी कनिष्ठ असलेल्या सहकाऱ्याची. त्याच वर्षीच्या मूल्यमापनात त्यांच्या नावापुढे वरिष्ठांनी लिहिले होते: ‘तांत्रिक काम उत्कृष्ट. नेतृत्वासाठी अद्याप तयार वाटत नाहीत.’

‘वाटत नाहीत’ म्हणजे कोणाला, आणि कशावरून, असे मी विभागप्रमुखांना विचारले. त्यांना नेमके उदाहरण देता आले नाही. ‘त्या स्वतःला पुढे करत नाहीत, बैठकीत गप्प असतात,’ एवढे ते म्हणाले. विश्लेषकांचे स्वतःचे निदान अगदी उलट टोकाचे होते. ‘इथे कामाला किंमत नाही, बोलण्याला आहे,’ असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात रागापेक्षा थकवा अधिक होता. ही दोन्ही निदाने चुकीची ठरली, हे पुढे येईलच.

व्यावसायिक प्रतिमा या विषयावर लॉरा मॉर्गन रॉबर्ट्स यांनी 2005 साली मांडलेली एक व्याख्या येथे उपयोगी पडते. ज्यांच्याशी आपला कामानिमित्त संबंध येतो, त्यांनी आपल्या क्षमतेविषयी आणि चारित्र्याविषयी करून घेतलेल्या समजुतींची बेरीज म्हणजे आपली व्यावसायिक प्रतिमा, असे त्या म्हणतात. आपल्याला हवी असलेली प्रतिमा आणि इतरांच्या मनात प्रत्यक्षात असलेली प्रतिमा यांत त्या स्पष्ट फरक करतात. या व्याख्येचा एक साधा परिणाम असा, की आपली प्रतिमा आपल्याजवळ नसतेच. ती पाहायची तर इतरांकडे जाऊन विचारावे लागते. त्यामुळे पहिले काम ठरले ते सहकाऱ्यांशी बोलण्याचे.

प्रश्न कोणता विचारला

‘अमुक व्यक्तीविषयी तुमचे मत काय’ असे विचारले तर बहुतेक लोक चांगलेच बोलतात, आणि जे वाईट बोलतात त्यांचा हेतू तपासावा लागतो. शिवाय मत विचारले की उत्तरही एकगठ्ठा येते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले गुणांक तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धिमत्ता, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे गुण स्वतंत्रपणे द्यायचे असूनही ते एकमेकांशी विलक्षण जुळणारे निघाले. एकूण ठसा चांगला असला की प्रत्येक रकान्यात चांगलेच गुण पडत होते. मला एकूण ठसा नको होता, तो कशातून तयार झाला हे हवे होते.

म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: त्यांच्याकडे काम दिल्यापासून ते पूर्ण होऊन तुमच्या हाती येईपर्यंत तुम्ही काय करता?

प्रश्न ऐकून काहीजण गोंधळले, पण उत्तरे मात्र मोकळी आली. एका सहकाऱ्याने सांगितले, की तो दुसऱ्या दिवशी एक आठवणीचा मेल टाकतो आणि तिसऱ्या दिवशी फोन करतो. दुसरीने सांगितले, की ती विश्लेषकांच्या शेजारी बसणाऱ्याला हळूच विचारते, ‘मॅडम माझ्या कामावर आहेत का?’ वित्त विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तर संगणकावर एक फाइल उघडून दाखवली. विश्लेषकांचा अहवाल वेळेत आला नाही तर बैठकीत अडचण होऊ नये म्हणून ते दर महिन्याला स्वतःचा एक कच्चा तक्ता तयार ठेवत होते. ‘त्यांचा अहवाल आला की हा मी फेकून देतो. त्यांचाच बरोबर असतो,’ असे ते अगदी सहजपणे म्हणाले.

त्या कच्च्या तक्त्याच्या फायली मी महिनावार मागे जात पाहिल्या. एका कुशल माणसाचे महिन्यातले कित्येक तास, ज्याची गरज कधीच पडली नव्हती अशा कामावर खर्च होत होते. विश्लेषकांच्या कामाच्या दर्जाविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. काम चालू आहे की नाही, हेच त्यांना कधी कळत नव्हते. आणि विश्लेषकांना या तक्त्याचा पत्ताही नव्हता.

अडीच दिवसांची शांतता

विश्लेषकांच्या परवानगीने मी त्यांचा काही महिन्यांचा पत्रव्यवहार वाचला. त्यातील एक प्रसंग पूर्ण देण्यासारखा आहे.

सोमवारी सकाळी वित्त विभागातून मेल आला: ‘तिसऱ्या तक्त्यातील बेरीज मागील महिन्याशी जुळत नाही. कृपया तपासून कळवावे.’ विश्लेषकांनी तो मेल आल्याबरोबर वाचला आणि हातातले काम बाजूला ठेवून तपास सुरू केला. मूळ प्रणालीमध्ये काही नोंदींचे वर्गीकरण बदलले होते आणि त्याची सूचना अहवाल विभागाला मिळाली नव्हती. ते शोधून काढणे सोपे नव्हते. सोमवारी त्या उशिरापर्यंत थांबल्या. मंगळवारी दुपारी ‘काही प्रगती?’ असा मेल आला, तेव्हा बदल नेमका कुठे झाला हे त्यांच्या जवळजवळ लक्षात आले होते. बुधवारी सकाळी पुन्हा विचारणा झाली, आणि या वेळी मेलमध्ये विभागप्रमुखांचेही नाव जोडलेले होते. बुधवारी दुपारी विश्लेषकांनी उत्तर पाठवले. त्यात चुकीचे मूळ, तिचा कोणत्या तक्त्यांवर परिणाम झाला, सुधारित आकडे आणि पुढे असे होऊ नये म्हणून घेतलेली खबरदारी हे सारे चार परिच्छेदांत मुद्देसूद लिहिले होते. इतके चांगले तांत्रिक उत्तर क्वचितच वाचायला मिळते.

सोमवार सकाळ ते बुधवार दुपार या काळात त्यांच्याकडून एकही शब्द गेला नव्हता.

मी त्यांना याचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘उत्तर सापडलेच नव्हते, तर काय कळवणार? अर्धवट काहीतरी लिहून पाठवणे मला पटत नाही.’ त्यांच्या दृष्टीने ती अडीच दिवसांची शांतता म्हणजे एकाग्रता होती, किंबहुना कामाविषयीचा आदर होता. दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला मात्र त्या शांततेत काहीही वाचता येत होते: मेल पाहिला नाही, पाहिला पण महत्त्वाचा वाटला नाही, चूक आपलीच आहे म्हणून टाळाटाळ चालू आहे. हे तिन्ही अर्थ लावले गेले होते.

येथे मानसशास्त्रातील एक निरीक्षण नेमके लागू पडते. थॉमस गिलोविच, केनेथ सवित्स्की आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात काही लोकांना पेये चाखायला दिली होती. त्यांतील एखादे बेचव असले तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नव्हते. पाहणाऱ्यांनी आपल्याला ओळखले असेल असे चाखणाऱ्यांना जितके वाटले, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते खूपच कमी ओळखले गेले. आपल्या आत जे चालले आहे ते बाहेर दिसते, असा भ्रम माणसाला असतो. विश्लेषकांची तळमळ त्यांना स्वतःला इतकी जाणवत होती, की ती इतरांपर्यंत पोहोचत नसेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती.

दुसऱ्या बाजूला वाट पाहणाऱ्याचे मन असते. सेवाव्यवसायातील रांगांचा अभ्यास करताना डेव्हिड माइस्टर यांनी 1985 साली काही सूत्रे मांडली. किती वेळ थांबायचे आहे हे माहीत असलेल्या प्रतीक्षेपेक्षा अनिश्चित प्रतीक्षा लांब वाटते, आणि कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा कारण न सांगितलेली प्रतीक्षा लांब वाटते, ही त्यांपैकी दोन. रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकासाठी मांडलेली ही सूत्रे कार्यालयातील सहकाऱ्यालाही तंतोतंत लागू होतात, कारण तोही कोणाच्या तरी उत्तरासाठी रांगेतच उभा असतो. घड्याळाने अडीच दिवस झाले होते. वित्त विभागाच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्याने हाच प्रसंग मला सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘आठवडा गेला होता त्यात.’

पत्रव्यवहारात जे शांततेच्या रूपाने होते, तेच बैठकीत एका शब्दाच्या रूपाने दिसले. ‘शुक्रवारपर्यंत होईल का?’ असे विचारले की विश्लेषकांचे उत्तर ठरलेले असे: ‘बघते.’ कधी ‘प्रयत्न करते.’ मी सलग तीन बैठकांना हजर राहिलो आणि हे उत्तर वारंवार ऐकले. मराठीत ‘बघतो’ हा शब्द फार निसरडा आहे. कोणाच्या तोंडी तो होकार असतो, कोणाच्या तोंडी सभ्य नकार असतो, आणि पुष्कळदा तो केवळ विषय संपवण्यासाठी असतो. विश्लेषकांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘करणारच, पण आकडेवारी हाती आल्याशिवाय शब्द देणे प्रामाणिकपणाचे नाही’ असा होता. ऐकणारा मात्र हा अर्थ त्यांच्याकडून घेत नव्हता, तो स्वतःच्या अनुभवातून लावत होता. आणि ज्या कोणी आजवर ‘बघतो’ म्हणून त्याला ताटकळत ठेवले होते, त्या सगळ्यांचा हिशोब विश्लेषकांच्या खात्यावर जमा होत होता. कनिष्ठ सहकारी, ज्याची पुढे निवड झाली, तो याच प्रश्नाला ‘शुक्रवारी नाही जमणार, सोमवारी दुपारी देतो’ असे उत्तर देई. त्याचे काम विश्लेषकांच्या कामाइतके बिनचूक नव्हते, हे विभागात सर्वांना माहीत होते. पण त्याच्या कामासाठी कोणी पर्यायी तक्ता करून ठेवत नव्हते.

फाइलमधली दुरुस्ती

सहकाऱ्यांशी बोलताना आणखी एक प्रसंग दोघातिघांकडून, थोड्याफार फरकाने, कानावर आला. निवडीच्या आधी काही महिन्यांपूर्वीची ही गोष्ट. वरिष्ठांची बैठक सुरू होण्याच्या तासभर आधी विश्लेषकांना आपल्याच अहवालातील एक आकडा चुकल्याचे दिसले. त्यांनी तो तत्काळ दुरुस्त केला आणि सामायिक फोल्डरमध्ये जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल ठेवली. विभागप्रमुख तोवर जुनी प्रत छापून बैठकीत गेले होते. समोरच्यांनी स्क्रीनवर नवी फाइल उघडलेली होती. एकाच तक्त्यातील एकाच रकान्यात दोन वेगळे आकडे निघाले, आणि खुलासा देण्यासाठी विभागप्रमुखांजवळ काहीही नव्हते.

चूक लहान होती, ती वेळेत सापडली होती, आणि ज्यांनी केली त्यांनीच ती सुधारली होती. त्यात लपवाछपवीचा लवलेशही नव्हता. पण न सांगता केलेली दुरुस्ती बाहेरून पाहणाऱ्याला लपवाछपवीसारखीच दिसते, आणि विभागप्रमुखांच्या मनात ती तशीच राहिली. मूल्यमापनाच्या वेळी त्यांना नेमके उदाहरण देता आले नव्हते. या प्रसंगाची मी आठवण करून दिली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘हो, तेव्हापासून त्यांची फाइल मी दोनदा उघडतो.’

रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मानसशास्त्राच्या अनेक शाखांतील संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला होता, की चांगल्या घटनांपेक्षा वाईट घटनांचा ठसा सामान्यतः अधिक खोल उमटतो. सात वर्षांतील बिनचूक अहवालांच्या समोर तो एक तास वजनदार ठरला, यात म्हणूनच नवल नाही. तरीही मला हे येथे स्पष्टपणे लिहावेसे वाटते, की विभागप्रमुखांनी त्याच दिवशी विश्लेषकांना बोलावून ‘असे का झाले’ एवढे विचारले असते, तर या प्रकरणाचा निम्मा भाग घडलाच नसता. त्यांनी विचारले नाही, आणि विश्लेषकांना बैठकीत काय झाले हे कधी कळलेच नाही. प्रतिमेची सारी जबाबदारी ज्याची प्रतिमा आहे त्याच्यावरच टाकण्याची आपल्याला सवय आहे. ती पाहणारे डोळेही प्रश्न विचारण्यास तितकेच बांधील असतात.

कोणता सल्ला बाजूला ठेवला

विभागप्रमुखांचा सल्ला सरळ होता: बैठकीत अधिक बोला, आपण काय केले ते सांगत चला, सादरीकरणाचे एखादे प्रशिक्षण घ्या. हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता, पण तो मला पटला नाही, आणि विश्लेषकांनी तो स्वीकारू नये असे मी सुचवले. त्याची दोन कारणे होती.

एडवर्ड जोन्स आणि थेन पिटमन यांनी 1982 साली इतरांच्या मनात प्रतिमा निर्माण करण्याच्या 5 रीती सांगितल्या: समोरच्याला खूश करणे, स्वतःची कर्तबगारी सांगणे, आदर्श वागणुकीचा नमुना दाखवणे, धाक बसवणे आणि असहायता दाखवून मदत मिळवणे. यांतील प्रत्येक रीतीला तिचा धोका चिकटलेला आहे. कर्तबगारी सांगू जावे आणि बढाईखोर ठरावे, तसे. स्त्रियांच्या बाबतीत हा धोका अधिक असू शकतो. लॉरी रुडमन यांच्या 1998 सालच्या प्रयोगांत स्वतःची कर्तबगारी ठळकपणे मांडणाऱ्या स्त्रिया सक्षम मानल्या गेल्या, पण त्यासाठी त्यांना पसंतीच्या बाबतीत नुकसान सोसावे लागू शकते असे दिसले. ज्यांच्या क्षमतेविषयी मुळात कोणालाच शंका नाही, त्यांनी क्षमता सिद्ध करण्यासाठी असा धोका पत्करणे व्यर्थ होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते. सहकाऱ्यांच्या उत्तरांत ‘त्या बोलत नाहीत’ ही तक्रार जवळजवळ नव्हतीच. ‘आम्हाला कळत नाही’ ही होती. रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन यांनी 1995 साली विश्वासाचे 3 आधार मांडले: क्षमता, सद्भाव आणि सचोटी. विश्लेषकांच्या बाबतीत क्षमता दिसत होती, कारण ती अहवालात उतरत होती. सद्भाव आणि सचोटी या गोष्टी काम चालू असताना दिसतात, अहवालात उतरत नाहीत. आणि काम चालू असतानाचा सगळा काळ त्यांनी बंद दाराआड ठेवला होता. ते दार किती आणि कोणासाठी उघडायचे, एवढाच प्रश्न होता.

काय बदलले, आणि मध्ये काय बिघडले

बदल फार थोडा ठरवला. कोणतीही विचारणा आली की त्याच दिवशी एक लहान उत्तर जाईल, आणि त्यात तीन गोष्टी असतील: मेल मिळाला, आतापर्यंत काय दिसले, पुढे केव्हा कळवीन. पहिल्या काही मेलचे मसुदे आम्ही एकत्र बसून केले. विश्लेषकांचा पहिला मसुदा पंधरा ओळींचा होता आणि त्यात कारणेच अधिक होती. शेवटी पाठवलेला मजकूर असा होता: ‘आपला मेल मिळाला. फरक आमच्या तक्त्यात नसून मूळ नोंदींमध्ये असावा असे प्राथमिक तपासात दिसते. खात्री झालेली नाही. उद्या दुपारी चारपर्यंत स्थिती कळवते, उत्तर सापडो वा न सापडो.’

‘सापडो वा न सापडो’ हे शब्द लिहायला त्यांना फार जड गेले. उत्तराशिवाय तोंड उघडणे म्हणजे अपयश जाहीर करणे, ही भावना वर्षानुवर्षे मुरलेली होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील खरा बदल त्या चार शब्दांत होता.

बैठकीतल्या ‘बघते’ या उत्तराऐवजी तारीख सांगायची, असेही ठरले. आणि इथेच घोटाळा झाला. दुसऱ्या महिन्यात विश्लेषकांनी उत्साहाने तारखा दिल्या आणि त्यांतील दोन चुकल्या. पूर्वी त्यांनी शब्द दिलेला नसल्यामुळे तो मोडण्याचा प्रश्न येत नव्हता. आता शब्द दिला होता आणि तो मोडला होता. एक सहकारी त्यांच्या तोंडावर म्हणाला, ‘याच्यापेक्षा तुमचे बघते बरे होते.’ त्या दिवशी त्या हे सारे सोडून देण्याच्या बेतात होत्या, आणि मला त्यांचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. चूक माझी होती. तारीख द्या असे सांगितले, पण ती कशी काढायची हे सांगितले नाही.

काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसे सातत्याने कमी बांधतात, हे डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्व्हर्स्की यांनी 1979 सालीच दाखवून दिले होते. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांच्या 1994 सालच्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी 33.9 दिवसांचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात 55.5 दिवस लागले. सगळेच बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर दिलेला अंदाजही 48.6 दिवसांचाच होता. म्हणजे वाईटात वाईट कल्पनासुद्धा वास्तवापुढे आशावादी ठरली. माणूस अंदाज बांधताना समोरच्या कामाचा विचार करतो आणि मागे तशाच कामाला किती वेळ लागला होता हे विसरतो, असे या अभ्यासांतून दिसते.

त्यामुळे आम्ही जुन्या पत्रव्यवहाराकडेच परत गेलो. विश्लेषकांनी मागील वर्षभरातील विचारणा काढून प्रत्येकीला उत्तर द्यायला किती दिवस लागले ते लिहून काढले. हे काम त्यांच्या हातचे होते आणि त्यांनी ते मन लावून केले. विसंगतीचे मूळ आपल्याच तक्त्यात असले तर काम लवकर होते, दुसऱ्या विभागाकडून माहिती मागवावी लागली तर ते कितीतरी लांबते, हे आकड्यांत स्पष्ट उतरले. त्यानंतर बैठकीतले उत्तर बदलले: ‘आमच्याकडची चूक असेल तर उद्या देते. दुसऱ्या विभागाकडून माहिती लागली तर पुढचा बुधवार धरा, आणि यांपैकी काय आहे ते आज संध्याकाळी कळवते.’ या उत्तरात आत्मविश्वासाचा आव नाही, आवाज चढवलेला नाही, पण ऐकणाऱ्याला आपले पुढचे दोन दिवस आखता येतात.

दुरुस्त केलेल्या फाइलसाठी वेगळी रीत ठरली. जुनी फाइल जागेवरच ठेवायची, नव्या फाइलच्या नावात दुरुस्तीची तारीख घालायची, आणि कोणता आकडा कशामुळे बदलला हे एका ओळीत सर्व संबंधितांना कळवायचे. पहिला दुरुस्तीचा मेल गेला तेव्हा ‘आता सर्वांना माझ्या चुका कळणार’ अशी भीती विश्लेषकांनी बोलून दाखवली होती. त्या मेलला विभागप्रमुखांकडून एका शब्दाचे उत्तर आले: ‘धन्यवाद.’ त्यापूर्वी त्यांच्या कोणत्याही अहवालाला असे उत्तर आल्याचे पत्रव्यवहारात मला आढळले नव्हते.

नऊ महिन्यांनंतर

परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. शेजाऱ्याकडे चौकशी करणाऱ्या सहकारी आता थेट विश्लेषकांशी बोलू लागल्या. आठवणीचे मेल कमी झाले, हे पत्रव्यवहारावर नजर टाकताच दिसत होते. ज्याला ‘बघते बरे होते’ असे वाटले होते त्याचे मत मात्र बदलले नाही. तो अजूनही दुसऱ्या दिवशी आठवण करतो. सॉलोमन ॲश यांनी 1946 साली दाखवले होते, की एखाद्या व्यक्तीची तीच विशेषणे उलट क्रमाने सांगितली तर तिच्याविषयीचे मत बदलते. आधी ऐकलेले शब्द नंतरच्या शब्दांना आपला रंग देतात. त्या सहकाऱ्याच्या बाबतीत चुकलेल्या तारखा आधी आल्या होत्या.

टीम लीडचे पद भरले गेलेलेच होते, त्यामुळे विश्लेषकांना ते मिळाले नाही. नव्या टीम लीडशी त्यांचे संबंध सुरुवातीला अवघडलेले होते आणि ते पूर्ण मोकळे झाले असे मी म्हणणार नाही. पण मूळ प्रणालीतील वर्गीकरणाच्या बदलांची सूचना अहवाल विभागाला आगाऊ मिळावी यासाठी तीन विभागांचा एक लहान गट नेमण्यात आला, तेव्हा त्याच्या प्रमुख म्हणून विश्लेषकांचे नाव वित्त विभागाकडून सुचवले गेले.

त्याच सुमारास वरिष्ठांच्या एका बैठकीला मी हजर होतो. विश्लेषक त्या बैठकीत नव्हत्या. अहवालातील एक आकडा नेहमीपेक्षा बराच मोठा दिसत होता. हा बरोबर आहे ना, असे कोणीतरी विचारले. विभागप्रमुख फाइल चाळू लागले. तेवढ्यात वित्त विभागातील ते ज्येष्ठ सहकारी, जे दर महिन्याला आपला कच्चा तक्ता तयार ठेवत असत, म्हणाले, ‘चूक असती तर मॅडमचा मेल आला असता. पुढे चला.’ सर्वांनी पुढचे पान उलटले.

संध्याकाळी मी हे विश्लेषकांना सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी ती फाइल उघडली आणि तो आकडा मूळ नोंदींशी पुन्हा एकदा ताडून पाहिला. तो बरोबर होता.